गल्लीतला ट्रॉम्बोन: पिस्टनचा की स्लाइडचा?

येवल्याच्या जुन्या गल्लीतून वरात निघते तेव्हा बँडच्या वाट्याला रस्ता फार थोडा येतो. पुढे नाचणारी मंडळी, मागे नवरदेवाचा घोडा, दोन्ही बाजूंना दिवे धरून चालणारी माणसं, कडेला उभ्या केलेल्या मोटारसायकली. मधे जी जागा उरते तिच्यात दोन रांगा करून चालायचं, वाजवायचं आणि नाचणाऱ्याचा हात भोंग्यावर बसणार नाही एवढंही पाहायचं. अशा ठिकाणी ट्रॉम्बोन घेऊन उतरणाऱ्या माणसाने दुकानात शिरण्याआधीच काही हिशेब केलेला असावा लागतो. स्लाइड, म्हणजे पुढेमागे सरकणारी नळी, आत असताना हे वाद्य पावणेचार फुटांच्या आसपास लांब असतं. त्यातला थोडा भाग वादकाच्या खांद्यामागे जातो, बाकीचा समोर. स्लाइड पूर्ण बाहेर काढली की समोर आणखी जवळपास दोन फुटांची भर पडते.

म्हणून ट्रॉम्बोन निवडताना पहिला प्रश्न कंपनीचा किंवा किमतीचा नसतो. वाजवायचं कुठे आणि काय, हे आधी ठरतं.

वाद्याची रचना सरगमच्या भाषेत सहज कळते. नेहमीचा टेनर ट्रॉम्बोन काळी पाचचा. त्याची नळी सरळ केली तर सुमारे नऊ फूट भरेल. स्लाइड आत ठेवून फक्त ओठांचा ताण बदलत गेलं की त्याच नळीतून सा, प, वरचा सा, ग, प, किंचित उतरलेला कोमल नी आणि पुन्हा सा असे स्वर निघतात. मधले स्वर मिळवायचे तर नळी लांब करावी लागते. त्यासाठी स्लाइडच्या सात पोझिशन असतात आणि दर पोझिशनला स्वर अर्ध्या सुराने उतरतो. पंचमावरून निघालं की तीव्र म, शुद्ध म, शुद्ध ग, कोमल ग, शुद्ध रे, कोमल रे असे सातव्या पोझिशनपर्यंत खाली येता येतं. त्याच्या खालचा सा पुन्हा पहिल्या पोझिशनवर हजर असतो. मोजमाप असं नेमकं जुळलेलं आहे. पोझिशनमधली अंतरं मात्र सारखी नसतात. पहिली आणि दुसरी यांच्यात सुमारे आठ सेंटिमीटर, पुढे ते वाढत जातं. स्लाइडवर खुणा नसतात. जागा कानाने शोधायची आणि हाताला पाठ करून द्यायची.

मींड हा ज्याच्या गाण्याचा प्राण, त्याला हे वाद्य ऐकताक्षणी आपलं वाटतं. तार सप्तकातल्या सा वरून पंचमापर्यंत एका श्वासात, कुठेही सांधा न दिसता घसरत येता येतं. पण या सोयीला मर्यादा आहे. एका फुंकीत घसरण्याची लांबी सहा अर्धसुरांपलीकडे जात नाही. पंचमावरून थेट खालच्या सा पर्यंतची मींड स्लाइडवर निघणार नाही, कारण ते अंतर सात अर्धसुरांचं आहे. त्यातच उलट अडचण अशी की, जिथे मींड नको तिथेही ती डोकावते. दोन स्वर स्वच्छ वेगळे हवे असतील तर प्रत्येक स्वरावर जिभेचा हलका आघात द्यावा लागतो, आणि तोही हाताच्या हालचालीशी अचूक जुळवून. द्रुत तानेसारखी जागा आली की हात आणि जीभ यांची कसोटी लागते.

पिस्टनच्या ट्रॉम्बोनचा मार्ग वेगळा. बोटांनी दाबायच्या तीन पिस्टनपैकी मधली अर्ध्या सुराने, पहिली एका सुराने आणि तिसरी दीड सुराने स्वर उतरवते. तिन्ही मिळून तीन सूर, म्हणजे स्लाइडच्या सात पोझिशनचंच काम तीन बोटांत. वाद्याची लांबी वाजवताना बदलत नाही. जलद ओळी सुटसुटीत निघतात. याची किंमतही मोजावी लागते. पिस्टन एकत्र दाबल्या की जोडलेली नळी हिशेबाने थोडी तोकडी पडते आणि स्वर चढा लागतो. पहिली आणि तिसरी एकत्र आल्यावर किंवा तिन्ही दाबल्यावर हे चढणं कानाला जाणवतं आणि ओठांनी ते खाली ओढावं लागतं. वळणं जास्त असल्यामुळे आवाजही स्लाइडच्या मानाने थोडा कोंदट वाटतो.

तरीही भारतातल्या लग्नाच्या बँडांत पिस्टनचा ट्रॉम्बोन रुळला, आणि त्याची कारणं संगीतापेक्षा धंद्यात जास्त सापडतात. ट्रंपेटची बोटं आणि या ट्रॉम्बोनची बोटं सारखीच. त्याच बोटांनी तोच स्वर एक सप्तक खाली मिळतो. युफोनियमचंही तसंच. ऐन तिथीला एखादा माणूस आजारी पडला तर बँडमास्तर ट्रंपेटवाल्याच्या हातात ट्रॉम्बोन देऊ शकतो. ओठांना मोठ्या माउथपीसची सवय व्हायला वेळ लागतो, पण बोटं नव्याने शिकवावी लागत नाहीत. यातले बरेच वादक नोटेशनवर शिकत नाहीत, कानावर शिकतात. त्यांच्यासाठी ही सोय लाखमोलाची.

दुसरं कारण आदळआपटीचं. स्लाइडच्या आतल्या आणि बाहेरच्या नळीत मिलिमीटरच्या अंशाएवढीच फट असते आणि बाहेरच्या नळीचा पत्रा पातळ असतो. टेम्पोत वाद्यं एकमेकांवर रचताना एक पोचा पडला, की स्लाइड त्या जागी अडते आणि वाद्य जवळपास मुकं होतं. पिस्टनच्या वाद्याला नळीवर चार पोचे असले तरी रात्र निभावून नेता येते.

लष्करी बँडांनी हा तिढा वेगळ्या रीतीने सोडवला. ब्रिटिश परंपरेच्या बँडांत स्लाइडवाले ट्रॉम्बोन सगळ्यात पुढच्या रांगेत चालतात, म्हणजे स्लाइड बाहेर आली तरी पुढच्याच्या पाठीत लागत नाही. भारतीय लष्कराच्या बँडवादकांना पचमढीला शिकवतात आणि 29 जानेवारीच्या बीटिंग रिट्रीटला विजय चौकात हे संचलन देशभर पाहिलं जातं. तिथे रस्ता रुंद असतो आणि पावलं मोजून टाकलेली असतात. वरातीत पुढची रांग कुणाची, हे नाचणारे ठरवतात.

गाण्यांचा विचार केला की निवड आणखी स्पष्ट होते. येवल्याहून कोपरगाव ओलांडलं की पुणतांबं लांब राहत नाही. 1918 साली संगीतकार सी. रामचंद्र तिथे जन्मले. ‘शहनाई’ (1947), ‘अलबेला’ (1951), ‘आशा’ (1957) या चित्रपटांतून त्यांनी पितळी वाद्यांचा झगमगाट हिंदी गाण्यात आणला. त्यांच्यासोबत चिक चॉकलेट या नावाने ओळखले जाणारे गोव्याचे ट्रंपेटवादक होते. मुंबईच्या स्टुडिओंत वाजणारे असे अनेक वादक गोव्यातून आलेले आणि चर्चच्या शाळांत नोटेशन वाचायला शिकलेले. ट्रॉम्बोनवर पुढच्या काळात ब्लास्को मोन्सरात यांचं नाव झालं. या वाद्यवृंदांत ट्रॉम्बोनचं काम बहुतेक वेळा मागचं असे: गायकाची ओळ संपली की उत्तर देणं, खालून आधार देणं, तालाच्या जागी ठोसा देणं.

हीच गाणी रस्त्यावर उतरतात तेव्हा काम बदलतं. गायक नसतो, म्हणून चाल वाद्यांनीच म्हणायची. मुखडा ट्रंपेट किंवा क्लॅरिनेट उचलतं आणि खालच्या सप्तकातलं सगळं पितळ तीच चाल एकदिलाने परत म्हणतं. ‘नया दौर’मधलं (1957) भांगड्याचं गाणं असो की ‘सैराट’मधलं (2016) नाचाचं, ट्रॉम्बोनला शब्दामागून शब्द वाजवावा लागतो. ‘सैराट’च्या संगीतासाठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसमध्ये मोठा वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला होता. ते संगीत गल्लीत आलं की ताशा, साइड ड्रम आणि मोजक्या पितळी वाद्यांवर उभं राहतं. इतक्या जलद चालीला पिस्टन सोपी पडते, यात नवल नाही.

आता दुसरी बाजू. वरातीखेरीजही वाजवायच्या जागा असतात. संक्रांतीला येवल्यात भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस पतंग उडतात. गच्च्यांवर मांजाच्या आसाऱ्या फिरतात आणि जोडीला हलकडीचा ताल घुमतो. एका जागी उभं राहून वाजवायचं असेल तर स्लाइडला हवी तेवढी जागा मिळते. जुन्या गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात, मंचावर, खुर्चीत बसून वाजवणाऱ्यालाही पिस्टनची गरज नाही. तिथे स्लाइडचा मोकळा आवाज आणि मींड हीच मिळकत.

स्लाइडचा ट्रॉम्बोन ठरला, की पुढचा प्रश्न नळीच्या आतल्या व्यासाचा. फरक एक-दीड मिलिमीटरचा असतो, पण त्यावर आवाजाची जात बदलते. साधारण 12.7 मिलिमीटरची नळी कमी श्वासात बोलते, आवाज टोकदार निघतो आणि उघड्यावर लांब पोचतो. यामाहाचं शिकाऊ वादकांसाठीचं वायएसएल-354 हे मॉडेल याच मापाचं. किंग कंपनीचं थ्रीबी 12.9 मिलिमीटरचं, जॅझवाल्यांत त्याला मान आहे आणि स्लाइडवर पिस्टनच्या वेगाने वाजवून दाखवणारे जे. जे. जॉन्सन ते वाजवत. 13.3 मिलिमीटर हे मधलं माप, दोन्हीकडे चालणारं. पाश्चात्त्य सिंफनीत 13.9 मिलिमीटरची नळी आणि साडेआठ इंची भोंगा रूढ आहे. बाख कंपनीचं 42 आणि कॉनचं 88एच ही त्यातली ओळखीची मॉडेलं. आवाज भरदार आणि गोल, पण श्वास मागणारा. दोन तास चालत वाजवणाऱ्याने हे वाद्य घेतलं तर तिसऱ्या गाण्याला दम लागेल.

मोठ्या नळीच्या वाद्यांवर बहुधा डाव्या अंगठ्याची एक कळ असते. ती दाबली की सुमारे तीन फुटांची नळी जोडली जाते आणि वाद्य काळी पाचवरून खालच्या पंचमाच्या पट्टीत, म्हणजे पांढरी चारवर उतरतं. फायदा असा की सहाव्या-सातव्या पोझिशनपर्यंत हात क्वचितच न्यावा लागतो. आखूड हातांच्या वादकाला किंवा बारा-तेरा वर्षांच्या मुलाला ही कळ उपयोगी. पण तिचं वजन डाव्या मनगटावर येतं. जॅक टीगार्डन यांच्यासारख्या वादकाने कळ नसलेल्या वाद्यावर, जवळच्या पोझिशनमध्येच राहून, ओठांच्या जोरावर जलद वाजवण्याची शैली घडवली. हात कमी पोचणाऱ्याला हाही एक मार्ग आहे.

भोंग्याच्या धातूची चर्चा दुकानात हटकून निघते. पिवळ्या पितळेत साधारण 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त असतं आणि आवाज उजळ येतो. तांब्याचं प्रमाण 85 किंवा 90 टक्क्यांपर्यंत वाढलं की रंग लालसर होतो आणि आवाजाची धार मऊ पडते. रस्त्यावर वाजवणाऱ्याला पिवळं पितळ पुरेसं.

वाद्यं मिळतात कुठे? मुंबईत धोबी तलावचं फुर्तादोज 1865 पासून पाश्चात्त्य वाद्यं विकतं. उत्तरेत मेरठची जली कोठी ही बँडच्या वाद्यांची पेठ आहे. तिथली नादिर अली कंपनी 1885 पासूनची आणि देशभरच्या बँडांना तिने पितळ पुरवलं. जुनं वाद्य एका बँडकडून दुसऱ्याकडे जाणं हेही नेहमीचं.

जुनं घेताना चकाकीकडे पाहून चालत नाही. स्लाइडचा भाग भोंग्यापासून वेगळा करावा, तिचं कुलूप सोडावं, आतल्या दोन्ही नळ्यांची तोंडं बंद करावी आणि उभं उचलावं. बाहेरची नळी झपकन खाली घसरली तर हवा गळते आहे. मग स्लाइड सावकाश शेवटपर्यंत नेऊन आणावी. कुठे खरखर लागली तर नळ्या समांतर राहिलेल्या नाहीत किंवा आत पोचा आहे. पिस्टनच्या वाद्यात पिस्टन न दाबता तिची छोटी नळी ओढून काढावी. घट्ट असेल तर ‘टप्’ असा आवाज येतो. नळीवर गुलाबी ठिपके दिसले तर जस्त निघून जाऊन पितळ आतून खचत आलेलं असतं. असं वाद्य स्वस्तातही घेऊ नये.

यानंतरची परीक्षा दुकानात होत नाही. वाद्य बाहेर न्यावं, कुणाला तरी शेजारी ताशा वाजवायला सांगावा, आणि स्वतः चालत चाल वाजवावी. बँडमास्तरने चाळीस पावलांवर उभं राहून ऐकावं. वादकाच्या कानाला भरदार वाटणारा आवाज तेवढ्या अंतरावर ताशाखाली बुडतो का, ते तिथे कळतं. चालताना माउथपीस दातांवर आपटतो का, तेही कळतं.

खरेदीचा हंगामही ठरलेला. चातुर्मासात लग्नं नसतात, वाद्यं भिंतीला टांगलेली राहतात आणि पावसाळी हवेत पिस्टन जाम होतात. तुळशीच्या लग्नानंतर तिथी सुरू होतात, म्हणून दसऱ्यापर्यंत वाद्य हातात आलं तर ओठ बसायला महिना मिळतो. लग्नं आणि ऑर्केस्ट्रा दोन्ही करणाऱ्याने आधी रस्त्यासाठी पिस्टनचा घ्यावा, स्लाइडचा कमाई झाल्यावर. दुसरा घेताना लहान नळीचाच निवडावा. दोन्हींच्या माउथपीसची दांडी लहान मापाची असली, तर एकच माउथपीस दोन्ही वाद्यांत बसतो आणि ओठांना दरवेळी नवी सवय लावावी लागत नाही.