संगोपन कक्षातील तापमान नियंत्रक : बिघाड शोधण्याचा योग्य क्रम

ट्रायकोग्रामा हा मित्रकीटक ऊस, भात, मका, कापूस व भाजीपाला पिकांवरील पतंगवर्गीय किडींच्या अंड्यांत आपली अंडी घालतो आणि अळी बाहेर पडण्यापूर्वीच किडीचा नाश करतो. प्रयोगशाळेत त्याचे उत्पादन कॉर्सिरा पतंगाच्या अंड्यांवर घेतले जाते. कक्षाचे तापमान सुमारे २६ ते २७ अंश सेल्सिअस असल्यास परोपजीवीग्रस्त अंडी तिसऱ्या-चौथ्या दिवशी काळी पडतात व आठ ते दहा दिवसांत प्रौढ बाहेर येतात. कार्डवर लिहिलेली प्रौढ निघण्याची तारीख याच हिशेबावर ठरते. तापमान दोन-तीन अंशांनी घसरले तर ही तारीख चुकते. शेतात लावलेले कार्ड अधिक काळ ऊन, पाऊस व मुंग्यांच्या तावडीत राहते आणि जैविक नियंत्रणावरील शेतकऱ्याचा विश्वास उडतो. म्हणूनच थंड व उष्ण अशी दोन्ही हवा देणाऱ्या हीट पंपाची इलेक्ट्रॉनिक नियंत्रण व्यवस्था उत्पादन केंद्र चालविणाऱ्याने समजून घेणे आवश्यक आहे.

पडद्यावरील अंक हा पुरावा नव्हे

एका हिवाळ्यात आमच्या कक्षातील कार्डांवरील प्रौढ सतत दोन दिवस उशिरा निघू लागले. नियंत्रकावर मात्र २६ हा अंक स्थिर होता. तंत्रज्ञाने सर्किट बोर्ड बदलला, तरी उशीर कायम राहिला. अखेर कार्डांच्या मांडणीत साधा तापमापक ठेवला, तेव्हा प्रत्यक्ष तापमान साडेतेवीस अंशांच्या आसपास आढळले. दोष संवेदकाच्या तारेच्या एका जोडात होता. कक्षातील दमट हवेने तो गंजला होता.

याचे कारण सरळ आहे. पीटी-१०० प्रकारच्या संवेदकाचा रोध शून्य अंशाला १०० ओहम असतो व प्रत्येक अंशामागे सुमारे ०.३८५ ओहमने वाढतो. दोन तारांच्या जोडणीत गंजलेल्या जोडाने एक ओहमची भर घातली, तर नियंत्रकाला कक्ष सुमारे २.६ अंशांनी अधिक उष्ण भासतो. मग तो तेवढ्या अगोदरच उष्णता थांबवितो. नियंत्रक स्वतःला दिसणारा अंक ठरविलेल्या अंकाशी जुळवीत राहतो. त्यामुळे संवेदक चुकत असला तरी पडद्यावर सर्व काही ठीकच दिसते.

तपासणीचा क्रम

१. स्वतंत्र नोंद : कार्डांच्या उंचीवर, संवेदकाशेजारी कमाल-किमान तापमापक ठेवून २४ तासांची नोंद घ्यावी. संवेदक हवेच्या झोतात किंवा बाहेरच्या भिंतीला टेकलेला नसावा.

२. बर्फाची चाचणी : बारीक केलेला बर्फ व थोडे पाणी यांच्या मिश्रणात जलरोधक संवेदक, नेहमीच्या तारांसह जोडलेला असतानाच, दहा मिनिटे बुडवावा. वाचन शून्याच्या जवळ यावयास हवे. फरक आढळल्यास संवेदक सोडवून मल्टिमीटरने त्याचा रोध मोजावा. त्यापूर्वी मल्टिमीटरची दोन्ही टोके एकमेकांना टेकवून येणारा आकडा वजा करावा. संवेदक निर्दोष ठरल्यास तारा व जोड पाहावेत. लांब अंतरासाठी तीन तारांची जोडणी वापरल्यास तारांच्या रोधाची चूक टळते.

३. संवेदकाचा प्रकार : अनेक नियंत्रकांत एनटीसी थर्मिस्टर असतो. प्रचलित १० किलो-ओहम थर्मिस्टरचा रोध २५ अंशाला १० किलो-ओहम असतो व तापमान वाढल्यास कमी होतो. त्याची तार तुटली तर नियंत्रकाला कक्ष अतिशय थंड भासतो. तार तुटल्याचे ओळखून यंत्र बंद करण्याची सोय नियंत्रकात नसेल, तर उष्णता अखंड सुरू राहून संपूर्ण संवर्धन नष्ट होऊ शकते.

४. मांडणीतील मूल्ये : शीतन-उष्णन पद्धत, चालू-बंद होण्यातील फरक आणि वाचनातील दुरुस्ती-मूल्य कोणी बदलले आहे काय, ते पाहावे. कॉम्प्रेसर बंद झाल्यावर तीन ते पाच मिनिटे तो पुन्हा सुरू न होणे, हे संरक्षण आहे. या काळात वारंवार बटण दाबू नये. कडक थंडीत बाहेरील भागावरील हिम वितळविण्यासाठी उष्णता काही मिनिटे थांबते, तोही बिघाड नव्हे.

५. आदेश व कृती : नियंत्रकाचा दिवा लागतो, पण कॉम्प्रेसर सुरू होत नाही, तर दोष पुढे कॉन्टॅक्टर, कपॅसिटर किंवा दाब-सुरक्षा स्विचमध्ये असू शकतो. कॉम्प्रेसर चालतो, पण उष्णतेऐवजी थंड हवाच येते, तर दिशा बदलणाऱ्या झडपेची कॉइल तपासावी. भूमिगत नळ्यांवर चालणाऱ्या भू-औष्णिक हीट पंपात याच टप्प्यावर पाण्याचा प्रवाह दर्शविणारा स्विच व अभिसरण पंपही पाहावा लागतो. ही तपासणी वीजपुरवठा हाताळण्याची परवानगी असलेल्या तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावी.

मुंग्या व पाली

कॉन्टॅक्टरच्या टोकांमध्ये मुंग्या चिरडल्या गेल्यास संपर्क जुळत नाही. पालींमुळे सर्किट बोर्ड जळतात. अशा वेळी पेटीत कीटकनाशक फवारण्याचा मोह होतो. संगोपन कक्षात हे मुळीच करू नये, कारण अत्यल्प अंशही ट्रायकोग्रामास मारक ठरू शकतो. मुख्य पुरवठा बंद करून तंत्रज्ञाकडून पेटी कोरड्या ब्रशने स्वच्छ करून घ्यावी, तारांची छिद्रे रबरी वेष्टनाने बुजवावीत आणि मांडणीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत. या वाट्यांमुळे कॉर्सिराची अंडीही मुंग्यांपासून वाचतात.

कायमची दक्षता

मुख्य नियंत्रकाशिवाय सुमारे ३२ अंशांवर उष्णता तोडणारा स्वतंत्र थर्मोस्टॅट बसवावा. कॉन्टॅक्टर चिकटला तरी संवर्धन वाचते. बर्फाची चाचणी दर हंगामापूर्वी करावी. नोंदवहीत तापमानासोबत अंडी काळी पडल्याचा व प्रौढ निघाल्याचा दिवसही लिहावा. हे दोन दिवस पुढे सरकू लागले, तर पडद्यावर कोणताही अंक असो, प्रथम संवेदक तपासावा आणि त्या खेपेच्या कार्डांवरील तारीख सुधारल्याशिवाय ती शेतकऱ्यांना देऊ नयेत.