टेप कशाला, मशीनच देऊ या ना?

मंडळी, यंदाच्या निधीतला काही भाग महाराष्ट्रातल्या दुर्गम पाड्यांवरच्या गरोदर बायकांच्या तपासणीसाठी द्यायचं ठरलं. खर्चाच्या यादीत 'मोजायच्या टेपा' असं वाचून बऱ्याच जणांना हसू आलं. "एवढे डॉलर जमवायचे आणि टेपा घ्यायच्या? सोनोग्राफी मशीनच देऊ या ना!" प्रश्न रास्त आहे. आम्ही डॉक्टर नाही, दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणारी माणसं. पण मोजमाप हा आमच्या रोजच्या कामातला विषय, म्हणून या टेपेमागचं गणित समजून घेतलं, ते इथे मांडतो.

बाळ वाढतं तसं गर्भाशय पोटात वर चढतं. साधारण बाराव्या आठवड्यात त्याचा माथा ओटीपोटाच्या हाडाच्या जरासा वर हाताला लागतो. भारतात नर्सताईंना शिकवतात त्याप्रमाणे चोविसाव्या आठवड्याला तो बेंबीशी येतो आणि छत्तिसाव्याला छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापाशी. पुढे बाळाचं डोकं खाली उतरतं आणि पोट पुन्हा थोडं उतरल्यासारखं दिसतं. आपल्या आज्या नुसतं पोट बघून "आता दिवस भरत आले" म्हणायच्या, ते काही उगीच नव्हे!

टेपेची गंमत अशी की चोविसाव्या आठवड्यानंतर ही उंची सेंटिमीटरमध्ये मोजली, तर आकडा साधारण आठवड्यांइतकाच येतो. अठ्ठावीस आठवडे म्हणजे सुमारे २८ सेंटिमीटर, दोन इकडे-तिकडे. बाईने आधी लघवीला जाऊन यायचं, कारण भरलेल्या मूत्राशयामुळे आकडा फुगतो. मग उताणं, पाय सरळ करून झोपायचं. टेप न ताणणारी हवी. शिंप्याकडची जुनी, लोंबून सैल झालेली चालत नाही. आधी हाताने माथा शोधायचा आणि तिथून ओटीपोटाच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंत टेप धरायची, तीही आकडे खालच्या बाजूला ठेवून. कितवा महिना चाललाय हे माहीत असलं की डोळा आपोआप 'बरोबर' आकडा वाचतो, म्हणून टेप उलटी करून मगच आकडा बघायचा. आमच्या टेस्टिंगवाल्यांनी हे वाचून मान डोलावली.

पण एकटा आकडा फारसं बोलत नाही. समजा, २८ व्या आठवड्याला २७ आला, ३२ व्याला २९, ३४ व्याला जेमतेम ३०. पहिला आकडा ठीकच होता, पण रेघ आडवी होत चाललीय. अशा वेळी बाळाची वाढ मंदावलेली असू शकते, गर्भजल कमी असू शकतं किंवा बाळ आडवं असू शकतं. सगळेच आकडे पहिल्यापासून सारखेच मागे असतील, तर कदाचित पाळीची तारीखच चुकलेली असेल. आकडा फार पुढे गेला तर जुळं, जास्त गर्भजल किंवा गाठ. नेमकं काय ते टेप सांगत नाही. ती एवढंच म्हणते, "हिला पुढे पाठवा."

हा आलेख कशाशी ताडायचा? २०१६ साली 'इंटरग्रोथ-२१' या अभ्यासातून गर्भाशयाच्या उंचीची आंतरराष्ट्रीय प्रमाणं प्रसिद्ध झाली. त्यासाठी आठ ठिकाणच्या निरोगी गरोदर स्त्रियांची मोजमापं घेतली होती. त्यात ऑक्सफर्ड, सिअ‍ॅटल, मस्कत होतं आणि आपलं नागपूरही!

टेपेची फार भलामण करायची नाही. लहान राहिलेली बरीच बाळं तिच्या नजरेतून सुटतात. जुळं असेल, बाई खूप स्थूल असेल किंवा गर्भाशयात मोठी गाठ असेल, तर तिचा भरवसाच नाही. हाताने चाचपण्यापेक्षा टेप सरस असल्याचा पुरेसा पुरावा नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१६ साली म्हटलं. जिथे जी पद्धत रुळली आहे तिथे ती चालू ठेवावी, असा त्यांचा सल्ला. सोनोग्राफी सरस आहे, यात वादच नाही.

मग मशीन का नाही? एक तर भारतात गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी १९९४ साली झालेला कायदा आहे. नोंदणी नसलेल्या ठिकाणी सोनोग्राफी मशीन विकता, देता किंवा वापरता येत नाही. वापरणाराही कायद्याने पात्र डॉक्टरच लागतो. आपण हौसेने मशीन पाठवलं आणि ते चालवणारं कोणी नसलं, तर ते खोलीत धूळ खात पडेल. दुसरं म्हणजे सोनोग्राफी होते ती तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी. मेळघाटासारख्या डोंगराळ भागात पावसाळ्यात तिथवर पोचायचं म्हणजे अख्ख्या दिवसाची मजुरी बुडते, घरची लहान पोरं कुणाकडे ठेवायची हा प्रश्न वेगळाच. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. पण कुणाला खरंच गेलंच पाहिजे, हे आधी पाड्यावर ओळखावं लागतं, आणि ते ओळखणाऱ्या ताईच्या पिशवीत टेप आणि आलेखाचा कागदच असतो.

तेव्हा देणगीचा फॉर्म भरताना एवढं लक्षात असू द्या : टेपांचा खर्च यादीतला सगळ्यात छोटा आकडा आहे. मोठे आकडे आहेत ताईंच्या प्रशिक्षणाचे, आणि रेघ आडवी झालेल्या बाईला त्याच आठवड्यात सोनोग्राफीला नेऊन परत आणणाऱ्या गाडीचे. गाडीभाड्यासाठी फॉर्मवर वेगळा चौकोन आहे, तिसऱ्या ओळीत.