कुंपण आणि वहिवाट

गावाच्या कडेला एखादी धान्याची वखार असते. तिच्यामागे वीस-पंचवीस घरांची वस्ती, आणि वखारीच्या मोकळ्या आवारातून हमरस्त्याकडे गेलेली त्या वस्तीची पाऊलवाट. मुले शाळेला त्याच वाटेने जातात, आजाऱ्याला दवाखान्यात नेतात तेही तिथूनच. मग एके रात्री वखारीत चोरी होते. मालक खांब रोवून काटेरी तार ओढतो आणि सकाळी लोक पाहतात तो वाट बंद! ‘जमीन माझी आहे,’ असे मालक म्हणतो. ‘आम्ही बापजाद्यांपासून इथून जातो,’ असे शेजारी म्हणतात. दोघेही खरेच बोलत असतात, आणि म्हणूनच हा तंटा अवघड होऊन बसतो.

मालकाची बाजू हलकी लेखता येत नाही. पोती चोरीला गेली की नुकसान त्याचे, आणि आपल्या जमिनीभोवती कुंपण घालण्याचा हक्क मालकीतच सामावलेला आहे. मात्र त्या हक्काला शेजाऱ्याच्या वहिवाटीची मर्यादा पडू शकते. ती केव्हा पडते, हे 1882 च्या सुविधाधिकार कायद्यात सांगितले आहे. हा कायदा 1891 साली मुंबई इलाख्याला लागू झाला. बंगालसारख्या ज्या प्रदेशांत तो लागू नाही, तेथे मुदतीच्या कायद्यात जवळजवळ हाच नियम आढळतो. शांतपणे, उघडपणे, खंड न पडता आणि हक्क म्हणून वीस वर्षे वाट वापरली असेल, तर ती वापरण्याचा अधिकार प्राप्त होतो. जमीन सरकारची असल्यास तीस वर्षे लागतात.

या चार अटींपैकी ‘हक्क म्हणून’ ही अट सर्वांत नाजूक. मालकाच्या वडिलांनी कधीकाळी ‘जा बाबांनो इथून, माझी हरकत नाही’ असे म्हटले असेल, तर ते जाणे परवानगीचे ठरते, आणि तशी परवानगी सामान्यतः मागे घेता येते. म्हणजे उदार मालकाच्या शेजाऱ्यांना हक्क मिळत नाही, बेफिकीर मालकाच्या शेजाऱ्यांना मात्र मिळतो! ऐकताना हे विपरीत वाटते. पण चांगुलपणाचे रूपांतर कायमच्या बोज्यात होऊ लागले, तर कोणता मालक कोणाला आपल्या अंगणातून जाऊ देईल?

शेजाऱ्यांच्या हातून होणाऱ्या चुका बहुधा दोन. पहिली विलंबाची. ही वीस वर्षे दावा लावण्यापूर्वीच्या दोन वर्षांच्या आत संपलेली असावी लागतात. बैठका आणि अर्ज यांतच अडीच वर्षे गेली, तर जुनी वहिवाट या कलमाखाली कामास येत नाही. दुसरी चूक मागणीची. 2008 साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका गल्लीचा वाद आला होता. वादींनी गल्लीवर मालकी सांगितली होती. उच्च न्यायालयाने त्यांना वहिवाटीचा हक्क देऊ केला. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला, कारण दाव्यात जे मागितलेच नव्हते आणि ज्याला उत्तर देण्याची संधी प्रतिवादीला मिळाली नव्हती, ते देता येत नाही. तेव्हा ‘जमीन आमची’ म्हणायचे की ‘वाट आमची’, हे आधीच ठरवले पाहिजे. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्द कायम करून घेणे हे पहिले काम. कुंपण कोणाच्या जमिनीत उभे आहे, हे कित्येकदा उभयपक्षी कोणालाच ठाऊक नसते.

मालकाला उपयोगी पडणारे एक कलम मात्र फारसे कोणी वाचत नाही. शेजाऱ्यांची अडचण न होता वाट एका ठराविक पट्ट्यापुरती ठेवता येत असेल, तर मालकाने मागितल्यास ती तेवढीच ठेवावी लागते, असे कलम 22 सांगते. वाट साऱ्या आवारभर पसरलेली असण्याचे कारण नाही. कडेने चार-पाच फुटांचा बोळ सोडून त्याच्या आतल्या बाजूने तार ओढली, तर पोतीही सुरक्षित राहतात आणि मुलेही शाळेत पोहोचतात. पायी जाण्याचा हक्क असलेल्यांनी तेथून गाडी नेतो म्हटले, तर मालकाला अडवता येते. आणि त्या बोळातील खड्डे बुजवण्याचा खर्च, कलम 25 प्रमाणे, वाट वापरणाऱ्या वस्तीने सोसायचा असतो.