चाक बरोबर, तर गाडी बरोबर

पेरणी यंत्राचे चाक बदलले आणि पीक विरळ उगवले, असे सांगितले तर पुष्कळांना नवल वाटेल. पण हिशेब अगदी सोपा आहे. ट्रॅक्टरमागच्या टोकण यंत्रात जमिनीवर फिरणारे चाकच बियाण्याची तबकडी फिरवते. चाकाचा व्यास ४० सेंटिमीटर असेल, तर एका फेऱ्यात यंत्र सुमारे १२६ सेंटिमीटर पुढे जाते. त्या जागी ४५ सेंटिमीटरचे चाक बसवले, की तेच अंतर १४१ सेंटिमीटर होते. वीस सेंटिमीटरवर पडायचे बी साडेबावीसवर पडते. मग आपण बियाण्याला दोष देतो, पावसाला दोष देतो. चाकाकडे कोणी पाहत नाही.

हा धडा मी गावोगाव सांगत फिरलो आणि घरच्या कामात मात्र विसरलो. तेही शेतीच्या नव्हे, तर वाफेच्या आगगाडीच्या एका छोट्या इंजिनाच्या बाबतीत. त्याची ही हकिगत.

आबांचे इंजीन

माझ्या बहिणीचे सासरे, म्हणजे भाच्याचे आजोबा, रेल्वेत होते. सोलापूरकडे फायरमन म्हणून लागले आणि कोळसा ओढता ओढता ड्रायव्हर झाले. त्यांचे आवडते इंजीन डब्ल्यूपी. पुढे बंदुकीच्या गोळीसारखे निमुळते नाक असलेले हे इंजीन १९४७ साली अमेरिकेतून प्रथम आले. पुढे आपल्याकडे चित्तरंजनच्या कारखान्यातही तयार झाले. मेल गाड्या ओढायला तेच. ब्रॉडगेजवरची वाफेची इंजिने १९९५ साली बंद झाली, पण आबांच्या बोलण्यातून ती कधी गेली नाहीत.

आबा आता शहाऐंशीचे आहेत. काचबिंदूने एक डोळा गेला, दुसऱ्यात थोडा उजेड उरला आहे. भाचा आय.टी.आय. शिकलेला टर्नर, इचलकरंजीत कामाला. २०२४ च्या दिवाळीत त्याने ठरवले, की आबांना दिसते आहे तोवर त्यांचे इंजीन लहान आकारात करून दाखवायचे. खेळण्यातले नव्हे, खऱ्या वाफेवर चालणारे, पाच इंची रुळावर धावणारे. इंग्लंडमध्ये हा छंद जुना आहे. हौशी मंडळी घरच्या लेथवर अशी इंजिने करतात आणि त्यांच्यामागे लहानशा डब्यावर बसून फिरतात.

भाच्याने पगारातून पैसे साठवून किट मागवले. फ्रेमच्या पट्ट्या, सिलिंडरचे ओतीव, दांडे, नकाशे असा तो संच होता. चाके आणि बॉयलर त्यात नव्हते. अशा संचांत चाके पुष्कळदा वेगळीच घ्यावी लागतात. नकाशात डब्ल्यूपीच्या मोठ्या चाकाचा व्यास लिहिला होता ५ फूट ७ इंच. परदेशातल्या एका विक्रेत्याच्या यादीत ‘पाच इंच गेज, ५ फूट ७ इंची चाक’ असे सापडले. भाच्याने मला विचारले. मी म्हणालो, “माप जुळतंय ना? मग मागव.”

चाके आली. दिसायला देखणी. फ्रेमवर मांडली तर एकमेकांवर चढू लागली. “मामा, चाकं बसंनात,” भाच्याचा फोन. मी गेलो तेव्हा आबा चाकांवरून बोटे फिरवत बसले होते. म्हणाले, “चाकाला चाक घासतंय. ह्ये आमच्या इंजनाचं चाक न्हाय.”

पाच इंचांचा हिशेब

चूक कुठे झाली? विक्रेता खोटे बोलला नव्हता. इंग्लंडमधल्या रुळांतील अंतर ४ फूट साडेआठ इंच, म्हणजे साडेछप्पन्न इंच. ते पाच इंचांवर आणायचे तर सगळे इंजीन ११.३ पटींनी लहान करावे लागते. आपले ब्रॉडगेज ५ फूट ६ इंच, म्हणजे ६६ इंच. तेच पाच इंचांवर आणायला १३.२ पटींनी लहान करावे लागते. ५ फूट ७ इंचांचे चाक त्यांच्या हिशेबाने सुमारे १५०.६ मिलिमीटर होते, तर आपल्या हिशेबाने १२८.९. एकाच नावाच्या चाकात जवळजवळ २२ मिलिमीटरचा फरक! आम्ही माप विचारले, प्रमाण विचारले नाही.

असा घोटाळा खुद्द इंग्लंडातही झालेला आहे. तिथे टेबलावर चालणाऱ्या छोट्या विजेच्या गाड्यांचे इंजीन फुटाला ४ मिलिमीटर या प्रमाणात करतात. त्या प्रमाणात रुळांतले अंतर १८.८३ मिलिमीटर हवे. पण सुरुवातीच्या काळात छोट्या इंजिनात मोटार मावेना, म्हणून इंजीन मोठ्या प्रमाणात केले आणि रूळ मात्र साडेसोळा मिलिमीटरचेच ठेवले. पुढे चोखंदळ लोकांना ते खुपू लागले. म्हणून आजही तिथे एकाच इंजिनाची चाके साडेसोळा, १८.२ आणि १८.८३ अशा तीन अंतरांसाठी घेता येतात.

व्यास जुळला तरी काम संपत नाही. आरे किती, क्रँकपिन एखाद्या आऱ्याच्या रेषेत आहे की दोन आऱ्यांच्या मध्ये, समतोल राखणारे वजन केवढे, हे सगळे पाहावे लागते. क्रँकपिन मध्यापासून किती दूर, हे तर सर्वांत महत्त्वाचे. डब्ल्यूपीचा दट्ट्या २८ इंच मागेपुढे होतो. म्हणून क्रँकपिन मध्यापासून १४ इंचांवर. आपल्या प्रमाणात २६.९ मिलिमीटर. इथे चूक झाली तर दट्ट्या सिलिंडरच्या झाकणावर आदळेल.

भाचा मित्रांबरोबर दिल्लीला गेला होता, तेव्हा वाट वाकडी करून हरियाणातल्या रेवाडीला जाऊन आला. तिथले वाफेच्या इंजिनांचे जुने शेड आता संग्रहालय म्हणून जपले आहे. तिथे ‘अकबर’ नावाचे ७१६१ क्रमांकाचे डब्ल्यूपी इंजीन आहे. त्याने आरे मोजले, फोटो काढले, चाकाला टेप लावली. माप ५ फूट ७ इंचांपेक्षा थोडे कमी भरले. तो गोंधळला. आबा हसले. “अरे, धावेला घाट पडला की ती लेथवर उतरवायची. चाक बारीक होतच जातं. माप नकाशातलं धर, आरं डोळ्यानं बघितल्यालं धर.”

सुताराच्या हातचे चाक

तयार चाक मिळण्यासारखे नव्हते. मग भाच्याने चाके इथेच ओतून घ्यायचे ठरवले. कोल्हापूर आणि इचलकरंजीच्या पट्ट्यात फौंड्र्यांना तोटा नाही. पण ओतायच्या आधी लाकडी पॅटर्न हवा. त्यासाठी आम्ही गावातल्या सुताराकडे गेलो. त्याने उभ्या आयुष्यात बैलगाडीची चाके केली आहेत. आगगाडीचे चाक पाहून तो म्हणाला, “तुंबा आहे, आरे आहेत, धाव आहे. आणखी काय पाहिजे?” आणि ते खरेच आहे. लोहार धाव तापवून चाकावर चढवतो आणि पाणी ओतून आवळतो. डब्ल्यूपीसारख्या इंजिनाच्या चाकावर पोलादी धाव तशीच तापवून, निवताना आवळून बसवलेली असते.

पॅटर्न मात्र नेमक्या मापाचा करून चालत नाही. बीड निवताना मीटरमागे सुमारे १० मिलिमीटर आकसते. आमच्या चाकाला सव्वा मिलिमीटरच्या आसपास वाढ धरली. शिवाय लेथवर तासण्यासाठी तीन मिलिमीटर जास्त ठेवले. पॅटर्न साच्यातून अलगद निघावा म्हणून आऱ्यांना किंचित उतार दिला. आबांनी पॅटर्नवर बोटे फिरवून आरे मोजले आणि मान हलवली, तेव्हाच तो फौंड्रीत गेला.

पहिल्या ओताची दोन चाके वाया गेली. पातळ भागातले बीड लवकर निवून काचेसारखे कडक झाले आणि लेथचे हत्यार मोडले. दुसऱ्या वेळी फौंड्रीवाल्याने सिलिकॉन थोडे वाढवले, साचाही घाईने फोडला नाही. मग सहाही चाके मऊ तासली गेली. भाच्याने आधी चाकाची पाठ आणि आसेचे भोक एकाच पकडीत केले, म्हणजे चाक डुलत नाही. धाव मात्र सहाही चाकांची एकामागून एक, एकाच मांडणीवर उतरवली. एक चाक जरी लहान राहिले, तरी जोडदांड्याने बांधलेली बाकीची चाके त्याला ओढतात आणि घसरतात.

काटकोनाची गरज

शेवटचे काम सर्वांत नाजूक. सायकलचा पायडल अगदी वर असताना कितीही सरळ खाली दाबले तरी सायकल हलत नाही. इंजिनाचेही तसेच. म्हणून आसेवर एका बाजूची क्रँकपिन दुसऱ्या बाजूच्या काटकोनात बसवतात. एक बाजू अडली, तरी दुसरी ढकलते. तिन्ही आसांवर हा काटकोन अगदी सारखा हवा; थोडा फरक पडला तरी दांडे अडकतात. भाच्याने क्रँकपिनच्या भोकांसाठी पोलादी पट्टीचा मार्गदर्शक करून घेतला होता, आणि काटकोनासाठी एक लोखंडी ठोकळा. प्रत्येक आस त्याच ठोकळ्यावर बसवली.

या उन्हाळ्यात सहा चाके फ्रेममध्ये बसली, जोडदांडे चढले. अजून सिलिंडर बसायचे आहेत, बॉयलर तर पुढच्या वर्षीच. बॉयलरच्या कामात घाई नको आणि जाणकाराने तपासल्याशिवाय त्यात वाफ भरायची नाही, असे आबांनी बजावले आहे. पण त्या संध्याकाळी फ्रेम सोप्यात पाटावर ठेवली. आबांनी एक बोट क्रँकपिनवर ठेवले आणि हळूच फिरवले. सहाही चाके फिरली. कुठे अडले नाही, कुठे कुरकुरले नाही. आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “ह्ये आमचं हाय.”

वाचकहो, आगगाडी करायची सर्वांनाच हौस नसेल. पण पंपाचा पंखा, मळणी यंत्राची पुली, टोकण यंत्राचे चाक आपण सगळेच बदलतो. दुकानदाराला नाव सांगून भाग आणू नका. जुना भाग बरोबर न्या. व्यास, भोक, जाडी मोजा, दाते असतील तर ते मोजा. आणि तो नेमक्या कोणत्या यंत्रासाठी केलेला आहे, हे विचारून घ्या. चाळीस रुपयांची टेप शेकडो रुपयांचे बियाणे वाचवते. आमचे नुकसान त्या परदेशी चाकांपुरतेच झाले. ती अजून कपाटात आहेत. विस्मरण होऊ लागले, की मी ती काढून पाहतो.