मीटर समोर हवा

वाल्डॉर्फ हे गाव लहान, पण रस्त्यांच्या बाबतीत भाग्यवान. ए-५ आणि ए-६ हे दोन महामार्ग आपल्या दाराशीच एकमेकांना छेदतात आणि त्या चौकाला नावही आपल्या गावाचेच आहे. तिथून रात्रंदिवस मालमोटारींची रीघ लागलेली असते. यांतली जवळजवळ प्रत्येक अवजड गाडी धावता धावता दर किलोमीटरला पैसे मोजत असते. पण नाका नाही, रांग नाही, सुट्या पैशांवरून हुज्जत नाही. महामार्ग सोडून बुंडेसश्ट्रासंवर, म्हणजे केंद्र सरकारच्या साध्या रस्त्यावर आलो, की कडेला कुठे कुठे उंच निळा खांब दिसतो. वेग पकडणारा कॅमेरा समजून कित्येक जण तो पाहताच ब्रेकवर पाय देतात. खरे तर तो खांब मालमोटारींचा टोल तपासतो. आपल्या घरच्या मोटारीशी त्याला काही देणेघेणे नाही.

आम्हा पालकांपैकी बरेच जण संगणकाच्या आज्ञावल्या लिहून पोट भरतात. अशी यंत्रणा दिसली की आमच्या मनात पहिला प्रश्न येतो, हे चालते कसे? पण टोलवरून जिथे जिथे लोक चिडले, तिथे त्यांचा प्रश्न वेगळा होता. म्हणून या लेखात आधी यंत्रणा समजून घेऊ आणि मग त्या रागाकडे वळू.

पेटीला रस्ता कसा कळतो?

जर्मनीत या टोलला ‘माउट’ म्हणतात. मालमोटारीत चालकासमोर एक छोटी पेटी बसवलेली असते. उपग्रहांकडून येणाऱ्या संकेतांवरून ती आपली जागा ठरवते आणि नकाशाशी ताडून पाहते. या नकाशात रस्त्यांचे तुकडे पाडलेले असतात. महामार्गावर एका फाट्यापासून पुढच्या फाट्यापर्यंत एक तुकडा. गाडी त्या तुकड्यावरून गेली की त्याची लांबी गुणिले दर, इतकी रक्कम खात्यात पडते. गाडीचे वजन, आसांची संख्या आणि धुराचे प्रमाण यांवर दर ठरतो. हिशेब मोबाइलच्या जाळ्यातून मध्यवर्ती संगणकाकडे जातो. म्हणजे ही पेटी चाकांचे फेरे मोजत नाही, ओलांडलेले तुकडे मोजते. पेटी नसलेल्या चालकाने आपला मार्ग आधी नोंदवून पैसे भरायचे असतात.

ऐकायला सोपे वाटते, पण अडचणी बारीक आहेत. महामार्ग आणि साधा रस्ता अगदी शेजारून जात असतील, तर गाडी नेमकी कोणत्या रस्त्यावर आहे हे उपग्रहावरून खात्रीने सांगता येत नाही. अशा काही ठिकाणी रस्त्याकडेला मदतीचे संकेतक बसवावे लागले. फसवेगिरी पकडण्यासाठी महामार्गांवर तपासणीच्या कमानी आहेत आणि साध्या रस्त्यांवर सुमारे ६०० निळे खांब. खांबाखालून गेलेली गाडी टोलपात्र नसेल, तर तिचे चित्र लगेच पुसून टाकले जाते.

हे सारे सहजासहजी उभे राहिले नाही. १९९४-९५ मध्ये कोलोन आणि बॉनमधल्या ए-५५५ वर निरनिराळ्या पद्धतींच्या चाचण्या झाल्या. १९९५ पासून अवजड गाड्यांना ठरावीक मुदतीचा परवाना घ्यावा लागे. किती किलोमीटर धावली याच्याशी त्याचा संबंध नव्हता. किलोमीटरवर आधारलेला माउट ३१ ऑगस्ट २००३ ला सुरू व्हायचा होता. पेट्या आणि त्यांतल्या आज्ञावल्या वेळेत तयार झाल्या नाहीत, आणि प्रत्यक्षात १ जानेवारी २००५ उजाडला. बुडालेल्या उत्पन्नावरून सरकार आणि कंपन्या यांच्यातला वाद २०१८ पर्यंत चालला आणि सुमारे ३.२ अब्ज युरोंच्या तडजोडीवर मिटला. आपल्या धंद्यात तारीख चुकणे नवे नाही, पण इतकी महाग पडलेली तारीख विरळाच!

सुरुवातीला १२ टन आणि त्याहून जड गाड्यांनाच माउट होता. २०१५ मध्ये ही मर्यादा साडेसात टनांवर आली, १ जुलै २०१८ पासून सर्व बुंडेसश्ट्रासं त्यात आले आणि १ जुलै २०२४ पासून साडेतीन टनांवरच्या मालवाहू गाड्याही. कारागिरांच्या छोट्या गाड्यांना मात्र सूट मिळाली.

लोक कशावर चिडतात?

रिक्षात बसल्यावर आपण किलोमीटरप्रमाणेच पैसे देतो. त्यावर कोणी मोर्चा काढत नाही, कारण मीटर डोळ्यांसमोर असतो आणि दरपत्रक मागता येते. भांडण होते ते मीटर ‘फास्ट’ असल्याचा संशय आला की, किंवा रिक्षावाल्याने लांबून फिरवले की. टोलच्या रागाचेही तसेच आहे. तो राग नीट पाहिला तर त्यात तीन प्रश्न सापडतात.

पहिला प्रश्न, पैसे कशाचे घेता आणि कधीपर्यंत? याचे ठळक उदाहरण कोल्हापूरचे. तिथे शहरातल्याच सुमारे ५० किलोमीटर रस्त्यांसाठी खासगी कंपनीला ३० वर्षे टोल घेण्याचा करार झाला होता. रोज दूध, भाजी, शाळा, दवाखाना यांसाठी ज्या रस्त्याने जायचे, त्यावर टोल! शिवाय कामे अपुरी आणि निकृष्ट असल्याची तक्रार. एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्या नेतृत्वाखाली सारे शहर रस्त्यावर उतरले. जानेवारी २०१४ मध्ये टोलनाके पेटवले गेले आणि २०१५ च्या अखेरीस सरकारने तो टोल रद्द केला. फेब्रुवारी २०१५ मध्ये हत्या झालेल्या पानसरेंना तो दिवस पाहता आला नाही. मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर लहान गाड्यांना ४५ रुपये पडत. रक्कम फार मोठी नव्हती, पण ‘पुलांचे पैसे अजून वसूल झाले नाहीत का?’ हा प्रश्न वर्षानुवर्षे विचारला जात होता. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून तिथे लहान गाड्यांना टोलमाफी झाली.

दुसरा प्रश्न, सर्वांना सारखा न्याय आहे का? भारतात गाडीच्या काचेवरचा फास्टॅग फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचा झाला. रांगा कमी झाल्या, पण अनेक रस्त्यांवर हिशेब नाक्याचाच राहिला: नाका ओलांडला की ठरलेली रक्कम, मग पुढे पाच किलोमीटर जा की पन्नास. म्हणून नाक्याशेजारच्या गावांची तक्रार जुनीच आहे. समृद्धी महामार्गावर मात्र जिथे चढलो आणि जिथे उतरलो त्या अंतराचे पैसे पडतात.

इकडे युरोपातही न्यायाचा प्रश्न सुटलेला नाही. जर्मनीत २००५ साली माउट सुरू होताच ए-५ वरच्या काही मालमोटारी ऱ्हाइन ओलांडून अल्सासमधल्या फुकट महामार्गावर वळल्या, आणि तिथले लोक वैतागले. फ्रान्सने स्वतःचा मालमोटार-कर आणायचे ठरवले, तर २०१३ मध्ये ब्रिटनीत लाल टोप्या घातलेल्या आंदोलकांनी तपासणीच्या कमानी मोडल्या, जाळल्या. २०१४ मध्ये ती योजनाच सोडून द्यावी लागली. जर्मनीने खासगी मोटारींसाठी आणू घातलेला टोल तर मुदतीचा होता, किलोमीटरचा नव्हे. पण जर्मन गाडीमालकांना वाहनकरात भरपाई आणि परदेशी गाड्यांना काहीच नाही, हा भेदभाव युरोपीय न्यायालयाने १८ जून २०१९ रोजी बेकायदा ठरवला. त्याच्या कंत्राटापायी जर्मन सरकारला पुढे २४.३ कोटी युरोंची भरपाई द्यावी लागली.

तिसरा प्रश्न सर्वांत नाजूक. मी कुठे जातो हे कोणाला कळणार? हाँगकाँगमध्ये १९८३ ते १९८५ दरम्यान या यंत्रणेची चाचणी झाली आणि ती बारगळण्यात याच भीतीचा मोठा वाटा होता. ब्रिटनमध्ये २००७ साली अंतरानुसार कर घेण्याच्या कल्पनेविरुद्ध सुमारे १८ लाख लोकांनी सह्या केल्या. जर्मनीने मालमोटारींपुरते याचे उत्तर कायद्यातच लिहिले: माउटची माहिती फक्त माउटसाठी वापरायची, दुसऱ्या कायद्याच्या आधारे जप्तसुद्धा करायची नाही. गुन्ह्यांच्या तपासासाठी ती खुली करावी अशी मागणी नंतर झाली, तरी ही तरतूद टिकून आहे.

मग किलोमीटरचे पैसे घेऊच नयेत का?

गंमत अशी की ते आपण आजही देतो. जर्मनीत एक लिटर पेट्रोलवर ६५.४५ सेंट ऊर्जाकर आहे. मोटार १०० किलोमीटरला ७ लिटर पेट्रोल पीत असेल, तर १०० किलोमीटरला सुमारे ४ युरो ५८ सेंट कर झाला, म्हणजे किलोमीटरला साडेचार सेंटांहून थोडा जास्त. जितके धावाल तितका कर! त्याला पेटी लागत नाही, उपग्रह लागत नाही आणि कोण कुठे गेले हे कोणाला कळत नाही.

पण विजेच्या मोटारी पेट्रोल पीत नाहीत, आणि त्या वाढतील तसा हा कर आटत जाणार. रस्त्यांची डागडुजी मात्र आटणार नाही. म्हणून हा प्रश्न आज ना उद्या आपल्याही मोटारीपर्यंत येईल. आइसलँडने जानेवारी २०२४ पासून विजेच्या मोटारींवर किलोमीटरला ६ क्रोना कर बसवला. तिथे मालक स्वतः मोटारीतल्या अंतरमापकाचा आकडा नोंदवतो. न्यूझीलंडमध्ये एप्रिल २०२४ पासून विजेच्या मोटारींना दर १,००० किलोमीटरला ७६ डॉलरचा परवाना आधी घ्यावा लागू लागला. दोन्ही ठिकाणी सरकारला किती धावलात एवढेच कळते, कुठे धावलात ते नाही. साधा उपाय, पण तिसऱ्या प्रश्नाची धार बरीच कमी करणारा.

स्टॉकहोमचा अनुभवही सांगण्याजोगा आहे. तिथे २००६ च्या जानेवारी ते जुलै असा सात महिने शहरप्रवेशाचा कर फक्त करून पाहिला. आधी विरोध मोठा होता. मग रस्त्यांवरची गर्दी सुमारे पाचव्या हिश्शाने घटलेली लोकांनी स्वतः पाहिली, त्यानंतर मतदान झाले आणि शहराने होकार दिला. पैसे तेच, यंत्रणा तीच. फरक एवढाच, की आधी दाखवले आणि मग विचारले.

आम्हा संगणकवाल्यांना वाटते की आकडा अचूक आला म्हणजे काम झाले. हे पुरेसे नाही. पैसे देणाऱ्याला तो आकडा पाहता आला पाहिजे, चुकीचा वाटला तर विचारता आला पाहिजे आणि पैसे कुठे गेले हे कळले पाहिजे. पुढेमागे मोटारींसाठी अशी योजना मांडली गेली, तर पेटी किती हुशार आहे हे पाहण्याआधी या तीन गोष्टी त्यात आहेत का, ते आपण पाहावे.

मोठ्या गटातील मुलांसाठी गणित

१. आईबाबांना विचारा: आपली मोटार १०० किलोमीटरला किती पेट्रोल घेते? त्यावरून मराठी वर्गाला येण्याजाण्यात किती सेंट ऊर्जाकर भरला जातो ते काढा. मोटार डिझेलची असेल, तर लिटरला ४७.०४ सेंट धरा. विजेची असेल, तर उत्तर शून्य का येते, ते दोन वाक्यांत मराठीत लिहा.

२. १८ टनांहून जड, पाच आसांच्या, युरो-६ मालमोटारीचा दर डिसेंबर २०२३ मध्ये किलोमीटरला १९ सेंटांवरून ३४.८ सेंट झाला. २५० किलोमीटरच्या फेरीला किती युरो जास्त पडू लागले? आणि हे पैसे शेवटी कोणाच्या खिशातून जात असतील? उत्तर शोधताना घरातल्या किराणाच्या पिशवीकडे जरूर पाहा.