माणसाला तारक, माशाला मारक
नळाचे पाणी आणि घरातील मत्स्यालय

सुटीच्या दिवशी घरातील माशांची काचेची टाकी स्वच्छ करण्याचा कार्यक्रम अनेक कुटुंबांत उत्साहाने पार पडतो. मासे तात्पुरते एका पातेल्यात काढले जातात. जुने पाणी ओतून दिले जाते, काच, वाळू आणि पाणी गाळण्याचा स्पंज नळाखाली घासूनपुसून धुतला जातो, आणि टाकी नव्या, नितळ पाण्याने काठोकाठ भरली जाते. काही तासांतच मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांतील काही निपचित तरंगताना आढळतात. "पाणी तर इतके स्वच्छ होते, मग मासे का मेले?" हा घरातील मुलाचा प्रश्न अनुत्तरितच राहतो. मोठी माणसे मासे विकणाऱ्याला किंवा पाणीपुरवठा करणाऱ्याला दोष देऊन मोकळी होतात.

वस्तुतः दोष या दोघांचाही नसतो. नळाचे पाणी ज्या गुणामुळे माणसाला सुरक्षित असते, त्याच गुणामुळे ते माशाला घातक ठरते.

पवनेपासून नळापर्यंत

पिंपरी-चिंचवड औद्योगिक परिसरातील काळेवाडी ही पवना नदीच्या काठची वसाहत. कारखान्यांच्या वाढीबरोबर येथील शेतवस्तीचे रूपांतर दाट नागरी वस्तीत झाले. या शहराची तहान मुख्यतः मावळ तालुक्यातील पवना धरणाच्या पाण्यावर भागते. धरणातून सोडलेले पाणी नदीपात्रातून रावेतपर्यंत येते. तेथे ते उचलून निगडी येथील जलशुद्धीकरण केंद्रात नेले जाते. गाळ खाली बसविणे, वाळूच्या थरांतून पाणी गाळणे आणि शेवटी क्लोरीनने निर्जंतुक करणे, हे जलशुद्धीकरणाचे प्रमुख टप्पे होत.

केंद्रातून बाहेर पडलेले पाणी मैलोगणती नळांतून जाते. वाटेत एखादी गळती असली तर बाहेरची घाण आत शिरू शकते. म्हणून शेवटच्या घरातील नळापर्यंत थोडा क्लोरीन पाण्यात शिल्लक राहावा, अशी व्यवस्था केली जाते. यालाच अवशिष्ट क्लोरीन म्हणतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात त्याचे प्रमाण दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावे लागते. पटकी, विषमज्वर, हगवण यांसारख्या रोगांना दूर ठेवणारा हा पहारेकरी आहे. पाण्याला येणारा किंचित उग्र वास ही त्याच्या हजेरीची खूण होय. ग्रामपंचायतीतर्फे विहिरीत टाकली जाणारी टीसीएल पावडर हेच कार्य करते.

माशाला अपाय का होतो?

माणूस पाणी पितो तेव्हा त्यातील अत्यल्प क्लोरीन अन्नपदार्थांशी आणि पाचकरसांशी संयोग पावून निष्प्रभ होतो. माशाचे तसे नाही. तो पाण्यातच श्वास घेतो. त्याच्या कल्ल्यांवरील त्वचा अत्यंत पातळ असून तिच्यापलीकडे लगेच रक्त वाहत असते. क्लोरीन या नाजूक त्वचेला अक्षरशः भाजून काढतो. पाण्यात प्राणवायू असूनही मासा तो घेऊ शकत नाही आणि गुदमरतो. गोड्या पाण्यातील जीवसृष्टीसाठी अमेरिकेत १९८४ मध्ये सुचविण्यात आलेली दीर्घकालीन मर्यादा दर लिटरला केवळ ०.०११ मिलिग्रॅम आहे. म्हणजे माणसासाठी जे किमान प्रमाण आवश्यक मानले जाते, त्याच्या सुमारे अठराव्या भागापलीकडेच माशाचा धोका सुरू होतो.

दुसरी हानी डोळ्यांना दिसत नाही. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. वाळूत आणि स्पंजात वाढलेले उपयुक्त जीवाणू या विषारी द्रव्याचे आधी नायट्राइटमध्ये आणि नंतर तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. स्पंज नळाखाली धुतला की रोगजंतूंबरोबर हे उपकारक जीवाणूही मरतात. त्यामुळे क्लोरीनच्या पहिल्या तडाख्यातून वाचलेले मासे पुढील आठवड्यात अमोनियाने दगावतात. संपूर्ण स्वच्छतेचा अट्टाहास असा अंगलट येतो.

"आजवर दहा वेळा पाणी बदलले, काही झाले नाही," असे काहीजण सांगतात. परंतु नळाच्या पाण्यातील क्लोरीन रोज सारखा नसतो. शहरात नोव्हेंबर २०१९ पासून एक दिवसाआड पाणीपुरवठ्याची पद्धत सुरू झाली, तेव्हापासून साठवणुकीला विशेष महत्त्व आले. इमारतीवरील टाकीत दोन दिवस राहिलेल्या पाण्यातील क्लोरीन बराच उडून गेलेला असतो, नुकत्याच आलेल्या पाण्यात तो अधिक असतो. पावसाळ्यात नदी गढूळ झाली किंवा साथीचा धोका असला, तर क्लोरीनची मात्रा वाढविली जाते. काल चालले ते पाणी आज चालेलच, असे म्हणता येत नाही.

उपाय सोपा आहे

पहिला नियम असा की, सर्व पाणी एकाच वेळी बदलू नये. आठवड्यातून एकदा सुमारे चौथा हिस्सा बदलणे पुरेसे असते. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच टाकीत वाळू वगळता सुमारे ५० लिटर पाणी मावते. म्हणजे आठवड्याला एक बादली, १२ ते १३ लिटर पाणी लागते. स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्या जुन्या पाण्यातच हलकेच पिळून धुवावा.

दुसरा नियम पाणी मुरविण्याचा. रुंद तोंडाच्या बादलीत पाणी भरून ते २४ तास उघडे ठेवावे. हवेचा पंप सोडल्यास किंवा पाणी अधूनमधून ढवळल्यास क्लोरीन लवकर निघून जातो. घरात लहान मूल असल्यास ही बादली त्याच्या आवाक्याबाहेर ठेवावी. डासांनी अंडी घालू नयेत म्हणून तोंडावर विरळ कापड बांधावे. मात्र कच्च्या पाण्यात अमोनिया असला तर क्लोरीनशी त्याचा संयोग होऊन क्लोरामाइन तयार होते. ते एका दिवसात उडून जात नाही.

घाई असल्यास किंवा क्लोरामाइनची शंका असल्यास सोडियम थायोसल्फेट वापरावे. छायाचित्रणाच्या व्यवसायात 'हायपो' म्हणून ओळखले जाणारे खडे ते हेच. असे १० ग्रॅम खडे एक लिटर पाण्यात विरघळवून ठेवावेत आणि टाकीत घालावयाच्या दर लिटर नव्या पाण्यास या द्रावणाचा साधारण १ मिलिलिटर वापरावा. औषधाच्या मापाने तो सहज मोजता येतो. द्रावण बादलीतच मिसळून पाच मिनिटे ढवळावे आणि मगच ते पाणी टाकीत ओतावे. बाटलीवर ठळक चिठ्ठी लावावी. क्लोरामाइन फुटल्यावर थोडा अमोनिया मागे राहतो. म्हणून अशा वेळी पाणी थोडेच बदलावे.

तिसरी दक्षता तापमानाची. उन्हाळ्यात गच्चीवरील टाकीचे पाणी दुपारी चांगलेच तापते. दोन्ही पाण्यांत हात घालून फरक जाणवत नाही ना, हे पाहूनच नवे पाणी सावकाश सोडावे. काढलेले जुने पाणी झाडांना घालावे. ते खताचेही काम करते.

शाळा आणि पंचायतींसाठी

शाळेतील मत्स्यालय हा विज्ञानाचा उत्तम पाठ ठरू शकतो. पिण्याच्या पाण्याची तपासणी करताना वापरले जाणारे ओ.टी. द्रावण क्लोरीन असलेल्या पाण्याच्या नमुन्यात टाकले की पिवळा रंग येतो. नुकते भरलेले पाणी आणि २४ तास उघडे ठेवलेले पाणी यांचे नमुने शिक्षकांनी शेजारी ठेवून दाखविल्यास फरक विद्यार्थ्यांच्या ध्यानात चटकन येईल. तपासलेला नमुना मात्र पिऊ नये आणि टाकीतही ओतू नये.

डासांच्या निर्मूलनासाठी गप्पी मासे सोडणाऱ्या पंचायतींनीही हे लक्षात ठेवावे. ज्या विहिरीत वा टाकीत टीसीएल टाकले जाते, तेथे गप्पी तग धरणार नाहीत. त्यांची जागा साचलेल्या, न पिण्याच्या पाण्यात आहे.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळली पाहिजे. माशांसाठी क्लोरीन काढावयाचा तो फक्त माशांच्या बादलीतून. इमारतीच्या साठवण टाकीत हायपो टाकणे, किंवा वास येतो म्हणून विहिरीतील टीसीएल बंद करण्याचा आग्रह धरणे, म्हणजे घराच्या पहारेकऱ्याला रजा देणे होय. माणसाचे पाणी माणसासाठी राखावे आणि माशाचे पाणी माशासाठी तयार करावे. त्यासाठी लागते ती एक बादली आणि एका दिवसाचा धीर. एवढे केले तर मुलाच्या त्या प्रश्नाचे उत्तर देता येईल, आणि तो प्रश्न पुन्हा विचारण्याची वेळही त्याच्यावर येणार नाही.