परदेशातून एमबीबीएस: निकालाचे आकडे आणि परतल्यानंतरची परीक्षा

बारावीचे आणि नीटचे निकाल लागले की इंदूरमधल्या आपल्या मराठी घरांतून एकच प्रश्न कानावर येतो: सरकारी कॉलेज मिळाले नाही, खाजगीची फी झेपत नाही, मग मुलाला जॉर्जिया, कझाकस्तान किंवा रशियाला पाठवावे का? एजंट फी, होस्टेल आणि भारतीय जेवण याबद्दल भरभरून बोलतात. परत आल्यावर द्यायच्या परीक्षेचा विषय मात्र घाईने उरकतात. म्हणून सभासदांसाठी त्याबद्दल थोडे सविस्तर लिहीत आहोत.

या परीक्षेचे नाव एफएमजीई. २००२ पासून ती नॅशनल बोर्ड ऑफ एक्झामिनेशन्स घेते, वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबर सत्रात. एकाच दिवशी दीडशे-दीडशे प्रश्नांचे दोन पेपर असतात आणि प्रत्येकाला अडीच तास मिळतात. ३०० पैकी १५० गुण मिळाले की पास. चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत. नीटसारखी इथे रँकची चढाओढ नाही, दुसऱ्याला किती पडले याचा आपल्या पास होण्याशी काही संबंध नाही. तरीही जून २०२४ मध्ये सुमारे २१ टक्के, त्या डिसेंबरात सुमारे २९ टक्के आणि जून २०२५ मध्ये १९ टक्क्यांच्या आतच उमेदवार पास झाले.

हे आकडे वाचून घाबरण्याआधी एक गोष्ट समजून घ्यावी. ही टक्केवारी त्या एका सत्राला बसलेल्यांची असते आणि त्यांत पूर्वी नापास झालेले बरेच जण पुन्हा बसलेले असतात. त्यामुळे पाचातले चार कधीच डॉक्टर होत नाहीत, असा याचा अर्थ होत नाही. पण दर सहा महिन्यांनी पुन्हा पुन्हा बसणे म्हणजे उमेदीची दोन-तीन वर्षे घरी बसून जाणे, आणि शैक्षणिक कर्ज असेल तर त्याचे हप्ते तोवर थांबत नाहीत. एजंट एखाद्या कॉलेजचा ‘नव्वद टक्के निकाल’ सांगतो, तेव्हा किती जण बसले होते हे जरूर विचारावे. बोर्डाने देश आणि कॉलेजनिहाय निकालही प्रसिद्ध केले आहेत, ते स्वतः उघडून पाहावेत. माहितीपत्रकापेक्षा त्यांत जास्त कळते.

मुले अडतात कुठे? ३०० पैकी २०० गुण क्लिनिकल विषयांचे आहेत. वर्गात शिकवणे इंग्रजीतून असले तरी वॉर्डातला रोगी रशियन किंवा जॉर्जियन बोलतो. ती भाषा कामापुरती आली नाही, तर रोग्याची हकिगत घेणे, तपासणे, निदान करणे हे सगळे पुस्तकातच राहते. दुसरी अडचण कम्युनिटी मेडिसिनची. या एका विषयाला ३० गुण, म्हणजे पेपरचा दहावा हिस्सा आहे, आणि प्रश्न येतात ते आपल्या लसीकरणाच्या वेळापत्रकावर, क्षयरोग कार्यक्रमावर, आशा कार्यकर्तीच्या कामावर. तिथले प्राध्यापक हे कशाला शिकवतील? यासाठी पार्क यांचे पुस्तक पहिल्यापासून जवळ असावे (ते आपल्या जबलपूरलाच छापले जाते!). फोरेन्सिकमध्येही भारतीय कायदा विचारतात, आणि जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आल्यामुळे जुन्या नोट्समधली कलमे बदलली आहेत.

तयारी परत आल्यावर सुरू करू, हा विचार सर्वांत महागात पडतो. आमच्या मते तिसऱ्या वर्षापासून आठवड्याचे ठरावीक तास भारतीय पुस्तकांना आणि प्रश्नसंचांना द्यावेत. ॲनाटॉमी, फिजिओलॉजी, बायोकेमिस्ट्रीचे मिळून ५१ गुण आहेत आणि पहिल्या वर्षांचे हे विषय सहा वर्षांनी पार पुसले गेलेले असतात, म्हणून त्यांची उजळणी चालू ठेवावी. एका दिवसात ३०० प्रश्न सोडवण्याचा सरावही हवा, दुसऱ्या पेपरपर्यंत डोके थकते. व्हिडिओ नुसते पाहत राहणे म्हणजे अभ्यास नव्हे, हे पालकांनीही ओळखावे.

या सगळ्याच्याही आधी नियम पाहावेत. १८ नोव्हेंबर २०२१ पासून लागू असलेल्या नॅशनल मेडिकल कमिशनच्या नियमांनुसार कोर्स किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजी माध्यमाचा आणि त्याच परदेशी संस्थेत १२ महिन्यांच्या इंटर्नशिपसह हवा. ती पदवी त्या देशात प्रॅक्टिस करण्याचा परवाना देणारी असावी. फिलिपिन्सचा चार वर्षांचा एमडी याच अटीत अडकला आणि कित्येक कुटुंबांना मनस्ताप झाला. जाण्यापूर्वी नीट पास असणेही बंधनकारक आहे.

एफएमजीई पास झाल्यावर इथे आणखी १२ महिन्यांची इंटर्नशिप असते, आणि त्यासाठी आपल्याकडे भोपाळच्या मध्य प्रदेश मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते. हॉस्पिटलने या इंटर्नशिपची फी मागू नये, असे कमिशनने २०२२ मध्येच स्पष्ट केले आहे. कोणी मागितली तर ते परिपत्रक दाखवावे. पदवीवर त्या देशातील भारतीय दूतावासाचे प्रमाणीकरण किंवा अपोस्टिल लागते. ते निघण्यापूर्वी तिथेच करून घ्यावे, इंदूरला बसून ते काम करवून घेण्यात महिने जातात आणि तोवर एक सत्र हुकते.